सासूबाईंची गोधडी



बोहारीण दारी आली की जुनी लुगडी देऊन आपण पातेले घेतो. माझ्या सासूबाई सुती लुगडे कधीच देत नसत. इथे खांबला भातझोडणी उरकली की त्या ओटीवर बसत. नऊवारी लुगड्याच्या घड्या, मध्ये जुनी धोतरे, आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा. वापरून मऊ झालेले सूत घाम टिपते, म्हणून तान्ह्या बाळाला तेच हवे. हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या सुईखाली सरकतात आणि घामही टिपत नाहीत.

सासूबाई आज नाहीत. त्यांच्या लुगड्यांच्या गोधडीवर माझा नातू निजतो. पातेले एव्हाना मोडीत गेले असते!

तेव्हा घरातली सुती लुगडी राखा, आणि लेकीसुनांना शेजारी बसवून धावदोरा शिकवा. एवढेच माझे सांगणे.