खुराड्यातला पाहुणा



गेल्या पावसाळ्यात एकदा दिवेलागणीला आमच्या कोंबड्या खुराड्यात जाईनात. दाराशी माना ताणून नुसता कलकलाट. मला कामाची घाई. अंडी काढायला मी आत हात घालणार, तोच सासूबाई ओरडल्या, "आदी बॅटरी मार गो!" उजेड पाडला, तर पेंढ्यात नाग. अंगावर अंड्यांचे दोन फुगवटे. ज्या फटीतून आला, त्या फटीतून त्याला आता बाहेर पडता येईना. सर्पमित्र येऊन त्याला घेऊन गेले.

अंड्यांना, पिल्लांना साप येतो हे खरं. पण त्याला आधी आपल्या परसात आणतो तो उंदीर, आणि उंदराला बोलावतो आपण. संध्याकाळी सांडलेल्या कण्या तशाच राहतात, खुराड्याला लागून सरपण रचलेलं असतं, मागं गडग्यात बिळं असतात. म्हणून कण्या झाकणाच्या डब्यात ठेवा, उरलेलं खाणं अंधारायच्या आत झाडून घ्या, सरपण लांब हलवा. रॉकेल-फिनेल शिंपडून साप थांबत नाही.

जाळीचं नीट ऐका. कोंबड्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या षट्कोनी जाळीतून साप सहज आत येतो. लोखंडी चौकोनी जाळी घ्या, भोकं अर्ध्या इंचाहून मोठी नकोत. सापाची पिल्लंही अडवायची तर पाव इंचाची. खालची कड वीतभर जमिनीत गाडा, दाराखालची फट बुजवा. मासेमारीचं जुनं जाळं मात्र कृपा करून गुंडाळू नका. आमच्या शेजारी अशा जाळ्यात धामण अडकली होती. सुटायला धडपडली तसा नायलॉनचा दोरा खवल्यांखाली मांसात रुतत गेला. सकाळपर्यंत मेली बिचारी. धामण बिनविषारी. एखादं पिल्लू नेत असेलही, पण आपल्या परसातले उंदीर तीच खाते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं धामणीला आणि नागालाही संरक्षण आहे.

साप दिसला तर माणसं, मुलं, कुत्री लांब घ्या, लांबूनच नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा. चावलाच, तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालणारं इंजेक्शन आपल्याकडे आहे. मंत्र-उताऱ्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

आमच्या खुराड्याच्या खांबाला आता एक बॅटरी टांगलेली असते. धाकटी लेकसुद्धा आधी दार ठोकते, उजेड पाडते, मगच अंड्याला हात लावते.