पुठ्ठ्यातला पन्हाळा, गल्लीतला पूर



कोल्हापुरात भूगोल शिक्षकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवायला मिळणं हा मी मोठा मान समजते. आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे : कागदाच्या थरांतून भूरूपं शिकवणं.

इथली मुलं दिवाळीत मातीचे किल्ले करतात. डोंगर, बुरूज, कडे त्यांच्या हातात असतात. तीच मुलं सातवीत समोच्चरेषांचा नकाशा पाहून बुजतात. त्या वेड्यावाकड्या रेघांत पन्हाळा आहे, हे सांगून पटत नाही. तो कापावा लागतो.

एक ते पन्नास हजार प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा घ्या. त्यावरची प्रत्येक रेषा आधीच्या रेषेहून वीस मीटरनं वर असते. रेषा कार्बननं एकेका पुठ्ठ्यावर उतरवायची, कापायची आणि थर एकमेकांवर चिकटवायचे. कात्री जिथं आत वळते तिथं ओढ्याची घळ सापडते, बाहेर येते तिथं डोंगराची सोंड. दोन थरांच्या कडा एकमेकींना भिडल्या की कडा, आणि मसाईच्या पठारासारखा वरचा थर ऐसपैस उरला की पठार. हे मुलाच्या बोटांना कळतं. म्हणून थर आधीच कापून देऊ नका. वाकडं कापलं तरी चालेल, पण त्यानंच कापू दे.

एक सावधगिरी मात्र हवी. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे, हे मुलांनी ऐकलेलं असतं. त्यामुळे पुठ्ठ्याचा थर म्हणजेच लाव्हाचा थर, अशी समजूत सहज होते. आपले थर सारख्या उंचीचे, लाव्हाचे कमीजास्त जाडीचे. पन्हाळ्याच्या माथ्याला जांभा खडकाचा तांबडा रंग द्या, आणि हा फरक तिथंच सांगा.

आता उंचीचं बोलू. पन्हाळा कोल्हापूरच्या वर साधारण चारशे मीटर. खऱ्या प्रमाणात तो भरतो जेमतेम आठ मिलिमीटर! जुन्या लग्नपत्रिकांचे वीसेक थर. मुलांचा विश्वास बसत नाही, कारण पुस्तकातले डोंगर त्यांनी नेहमी उभेच पाहिलेले असतात. दोन मिलिमीटरचा पुठ्ठा वापरला की उंची पाचपट फुगते. फुगवा, पण तसं प्रतिकृतीवर लिहा. न लिहिणं म्हणजे मुलांना चुकीचं शिकवणं.

याच हिशेबानं मला पंचगंगा नदीकडे वळवलं. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीत होड्या फिरल्या, चिखली-आंबेवाडीची माणसं घरं सोडून निघाली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. धोका पातळीच्या वर चढलेलं ते बारा फूट पाणी आपल्या प्रमाणात केवढं? वहीच्या एका पानाच्या जाडीएवढं. म्हणजे ज्या नकाशावर मुलं पन्हाळा शिकतात, त्याच्या दोन रेषांमध्ये त्यांच्या घरावर आलेला पूर हरवून जातो. २०२१ ला तो पुन्हा आला, आणि आपण वर्गात अजून पर्वत-पठार-मैदान हेच वाचतो आहोत. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून शाळेच्या परिसराची वेगळी प्रतिकृती हवी, एका थराला एक मीटर. त्यासाठी गवंडी लेव्हल बघायला वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते. दोन मुलांनी दोन टोकं धरायची, तिसऱ्यानं फरक मोजून लिहायचा, असं गल्लीच्या चढानं पुढे जायचं. भिंतींवरच्या पुराच्या खुणाही त्याच नळीनं जोडायच्या. मग शहरातल्या जयंती नाल्यातून पाणी उलटं कुठं शिरतं, कुठली घरं आधी बुडतात, कुठल्या रस्त्यानं बाहेर पडायचं, हे मुलंच घरी सांगू लागतात.

समारोपापूर्वी एक ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे : नदीकाठच्या प्रत्येक शाळेत येत्या पावसाळ्याआधी अशी प्रतिकृती तयार व्हावी, आणि ती प्रदर्शनाच्या कपाटात न ठेवता ग्रामपंचायतीत किंवा वॉर्डाच्या कार्यालयात लावावी.