घरातला उद्योग : निवडीचा प्रश्न

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत, बेळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी शिकविणाऱ्या माणसाने उद्योगधंद्यावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. मलाही वाटले. परंतु 'घरबसल्या करता येण्याजोगे लहान उद्योग' हा विषय कार्यवाहांनी कळविला, तेव्हा माझे लक्ष प्रथम त्यातील 'घरबसल्या' या शब्दाकडे गेले, आणि बोलण्याचे धाडस आले. बसून कोणालाच काही मिळत नाही. घरातून करावयाचा उद्योग हा पुष्कळदा कचेरीतील नोकरीपेक्षा अधिक कष्टाचा असतो, कारण तेथे घड्याळाचे पाच वाजत नाहीत. म्हणून मी 'घरातला उद्योग' असे म्हणेन.

आपल्या भाषेने या विषयावर आपले मत केव्हाच देऊन ठेवले आहे. कोणी नको तेथे लक्ष घातले, की आपण त्याला 'नसता उद्योग' म्हणतो. मुलाला दटावताना 'हे काय धंदे चालले आहेत?' असे विचारतो. कोणी दुसऱ्याच्या दुःखाचा फायदा घेतला, तर त्याने दुःखाचे 'भांडवल' केले, आणि एखाद्या पवित्र गोष्टीचा विचका केला, तर त्याने 'बाजार मांडला'. उलट, मुलगा नोकरीला 'चिकटला' हे मात्र आपण पेढे वाटून सांगतो. एरवी चिकटणे हा काही गौरवाचा शब्द नव्हे! ज्या समाजाने आपल्या वाक्प्रचारांतून उद्योग, धंदा, भांडवल आणि बाजार या चारही शब्दांना असे वाईट दिवस आणले, त्या समाजात उद्योग निवडण्याची वेळ आली, की माणसे गांगरतात, यात नवल नाही.

ही वेळ आपल्या भागात इतरांपेक्षा अधिक घरांवर येते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला येथील सरकारी नोकरीसाठी कानडीची अडचण, आणि महाराष्ट्रात जावे तर तेथे रहिवासाचा दाखला. या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. दरम्यान पदवी घेऊन अठ्ठाविशी गाठलेला मुलगा घरात आहे, किंवा शिकलेली, हुशार सून घरात आहे, आणि वडिलांच्या निवृत्तीची रक्कम बँकेत ठेव म्हणून पडली आहे. धोक्याची जागा हीच. त्या ठेवीवर पहिली नजर जाते ती जाहिरातींची.

अशा जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. यंत्र आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच विकत घेऊ. कधी अगरबत्ती, कधी फुलवाती, कधी द्रोण-पत्रावळी. कागदावर हा उद्योग निर्दोष दिसतो, कारण त्यातून गिऱ्हाइकाचा शोध हा सर्वांत कठीण भागच काढून टाकलेला असतो. पण जो यंत्र विकतो तोच मालाचा एकमेव खरेदीदार असेल, तर त्याचा नफा यंत्र विकल्याक्षणीच झालेला असतो. पुढे तुमचा माल 'प्रतीचा नाही' म्हणून परत आला, तर दाद कोठे मागणार? असे यंत्र घेण्यापूर्वी त्याच माणसाला दोन वर्षे नियमित माल देणारे एक तरी घर स्वतः जाऊन पाहावे. पत्ता मिळाला नाही, तर उत्तर मिळाले असे समजावे.

मग निवड करावी तरी कशी? आपल्या गावात किर्लोस्कर रस्ता आहे. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ सालच्या बेळगावातील सायकलच्या दुकानापासून मोजतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिच्यातील दोन लहान तपशील गाळतो. एक म्हणजे, सायकल विकण्याबरोबर ती चालवायला शिकविणे हाही त्या धंद्याचा भाग होता. नवी वस्तू विकणाऱ्याला ती वापरायलाही शिकवावे लागते. दुसरा, लोखंडी नांगर तयार झाल्यावर तो खपेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर, १९१० साली. नव्या वस्तूला गिऱ्हाईक घडवावे लागते, आणि त्या काळात पोट भरण्याची दुसरी सोय असावी लागते. आपल्यापैकी बहुतेकांजवळ ती नसते. म्हणून घरातल्या लहान उद्योगासाठी मी तरी नवी कल्पना शोधू नये असे म्हणेन. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आधीच आहे, जे आज दुसरीकडून घेते किंवा मिळत नाही म्हणून चडफडते, तीच वस्तू निवडावी.

उदाहरणासाठी आपण आपल्याच मातीतली वस्तू घेऊ. बेळगावचे नाव निघाले, की लोकांना कुंदा आठवतो, मांडे आठवतात. कुंद्याला मोठ्या हलवायांची स्पर्धा आहे. मांडे ही तर कलाच. खापरावर तो भलामोठा पापुद्रा टाकणे पुस्तक वाचून जमत नाही, आणि त्यांची मागणी मुख्यतः लग्नसराईची. ज्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या होतात त्यांनी ते जरूर करावेत. पण सर्वसाधारण घरासाठी मी ज्वारीची कडक भाकरी सुचवीन. आपल्या भागात मराठी आणि कानडी दोन्ही घरांत ती रोजच्या जेवणातली आहे. ती टिकते, प्रवासात चालते. वसतिगृहांतील मुलांना आणि इस्पितळात रुग्णाजवळ राहणाऱ्या नातेवाइकांना ती हवी असते, आणि आजच्या पुष्कळ घरांत भाकरी थापण्याचा हात उरलेला नाही. मागणी आहे, ती रोजची आहे, आणि गिऱ्हाईक चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आता या भाकरीचा हिशेब मांडू. पुढचे आकडे केवळ समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपापले भाव घालून पाहावेत. समजा, दिवसाला ६० भाकऱ्या करावयाच्या. किलोला पंधरा धरल्या, तर ४ किलो पीठ लागेल. दळणासह ६० रुपये किलो धरले, तर २४० रुपये झाले. इंधन ५० आणि पिशव्या ३० रुपये मिळून खर्च ३२० रुपये. आठ रुपयांना एक विकली, तर ४८० रुपये आले, १६० उरले. येथे बहुतेक घरांतील हिशेब थांबतो. पण थापणे-भाजणे तीन तास, गिरणी, बांधणी आणि पोचविणे एक तास. चार तासांचे १६०, म्हणजे तासाला ४० रुपये. आणि रोज पाच भाकऱ्या मोडल्या, तर उरतात १२० रुपये, तासाला ३०. आपल्याकडे घरच्या बाईच्या श्रमाला किंमतच धरायची नाही, ही रीत असल्यामुळे हा उद्योग 'फायद्यात' दिसत राहतो आणि एक दिवस मनगटे दुखू लागल्यावर बंद पडतो. हीच भाकरी दहा रुपयांना विकली, तर मोडतोड वजा जाऊनही २३० रुपये उरतात, तासाला सुमारे ५७. म्हणजे प्रश्न भाकरी किती खपतात हा नसून दहा रुपयांना खपतात का, हा आहे. शेजारच्या ओळखीच्या घराला आठाचे दहा सांगताना आपली जीभ अडखळते. ज्याची फारच अडखळते, त्याने हा विचार वेळीच सोडावा.

वस्तूचे स्वभावही पाहावे लागतात. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवून चालत नाही. त्याची विरी जाते, भाकरीला चिरा पडतात. म्हणून स्वस्त मिळाले तरी महिन्याचे दळण एकदम आणायचे नाही. आपल्या गावचा पाऊस आपण जाणतोच. आषाढात कडक भाकरी उघडी राहिली, तर संध्याकाळपर्यंत मऊ पडते. हवाबंद पिशवीचा खर्च हा उन्हाळ्यात चैन वाटतो, पावसाळ्यात तोच धंदा वाचवतो. आणखी एक गोष्ट. घरगुती वापराचे सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, तेव्हा इंधनाचा आकडा धरताना व्यावसायिक सिलिंडरचाच धरावा.

मुंबईच्या दोन संस्थांची कहाणी येथे उपयोगी पडेल. १९५९ साली गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापड उभा राहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातील कामाची वाटणी पाहा. पीठ केंद्रावर मळले जाते, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि वाळलेले पापड परत आणून देतात. खरेदी, प्रत आणि विक्री ही सामायिक. घरात होते ते फक्त लाटणे. घरातल्या उद्योगातील सगळेच काम एकाच घराने करावे, असे कोठे आहे? एका गल्लीतील चार घरांनी मिळून ज्वारी घेतली आणि पोचविण्याचे काम एकाच मुलाकडे दिले, तर मघाचा तो चौथा तास वाचतो.

दुसरी कहाणी अन्नपूर्णा महिला मंडळाची. गोव्याच्या मातीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ते स्थापन केले. गिरणगावातील खानावळी चालविणाऱ्या बायकांना गिऱ्हाईक भरपूर होते, गांजत होते ते सावकाराचे व्याज. बँकेचे लहान कर्ज मिळताच त्यांना श्वास घेता आला. पण १९८२ साली गिरण्यांचा संप झाला आणि जेवणारे कामगारच गावी परतू लागले. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा असा हादरतो. वसतिगृहावर विसंबणाऱ्याने सुट्टीचे महिने आजच वहीत लिहून ठेवावेत.

पैशाविषयी थोडक्यात. निवृत्तीच्या ठेवीला हात लावू नये. भाकरीला परात, तवा आणि पहिल्या पंधरा दिवसांची ज्वारी पुरते. पुढे गरज पडली, तर २०१५ सालापासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. खाद्यपदार्थ विकायचा, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. ती टाळून चालणार नाही, कारण दुकानदार प्रथम पिशवीवरचा क्रमांक पाहतो. आणि पिशवीवर मराठीबरोबर कानडीही छापावे. यावरून कोणी माझ्यावर रागावू नये. मराठीचे वेतन घेतच माझे केस पांढरे झाले आहेत. पण भाकरी घेणारी आजी जी भाषा वाचते, ती पिशवीवर असलीच पाहिजे.

शिकवणी, शिवणकाम, फॉल-पिको यांविषयी निराळे सांगण्याजोगे थोडेच आहे. तासाचा हिशेब आणि सुट्टीचे महिने हे तेथेही तसेच लागू. शिकवणीत खर्च कमी आणि उधारी जास्त, एवढा फरक.

राहिला थांबण्याचा प्रश्न. उद्योग सुरू करण्यापूर्वीच घरात बसून ठरवावे, की अमुक महिन्यांत तासाचा अमुक आकडा आला नाही, तर बंद करू. आपल्याकडे पाडव्याला सुरुवात करण्याची प्रथा आहे. त्याने दिवाळीपर्यंत हिशेब ठेवावा, म्हणजे उन्हाळी सुट्टी, पावसाळा आणि सणाची गर्दी अशी तीनही तोंडे पाहून होतात. बंद करावे लागले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. परात आणि तवा घरात कामाला येतातच.

कार्यकारिणीला एक विनंती करून थांबतो. आपल्या संग्रहात 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक आहेत. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने ते निघाले, तेव्हा ते कारखान्याचेच पत्रक होते, आणि मराठी माणसाने उद्योगाविषयी वाचावे, याची सुरुवात अशा अंकांनी झाली. ते बांधून घ्यावेत. आणि पुढच्या व्याख्यानाला माझ्याऐवजी गावातील भाकरी विकणारी एखादी बाई बोलवावी, तिच्या वहीसकट. तिच्या दिवसाचे चार तास बुडतील, तेव्हा मानधन माझ्यापेक्षा जास्त द्यावे.