घरात शिरलेला फितूर



आमची उमेदीची वर्षे कामगार चळवळीत गेली. संगणकाच्या रोगावर आम्ही काय बोलणार, असे कोणास वाटेल. पण ट्रोजन म्हणजे फितूर, आणि फितुराशी आमची ओळख जुनी आहे.

ट्रॉय नगरीच्या लोकांनी एक लाकडी घोडा आपल्याच हातांनी वेशीच्या आत ओढून नेला आणि त्याच्या पोटात शत्रूचे सैनिक निघाले, अशी ग्रीक कथा आहे. ट्रोजन हे नाव तिथलेच. व्हायरस स्वतःच्या प्रती काढीत पसरतो. ट्रोजनला मात्र आपण दार उघडतो. फुकटात मिळालेला चोरीचा प्रोग्राम, बिल म्हणून ईमेलने आलेली फाइल, ही त्याची सोंगे. आत शिरला की तो पासवर्ड टिपून परक्याला पोचवू शकतो. आपल्या आखाडा बाळापुरात हळदीच्या पट्टीचे पैसे, पीककर्जाचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे आज याच यंत्राच्या हवाली आहेत.

मग तो काढला तरी परत का येतो? कारण संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत, वेळापत्रकात, सेवांत तो आपले नाव घालून ठेवतो. एक फाइल पुसली की दुसरी तिला पुन्हा आणते. कधी तो अँटिव्हायरसच बंद पाडतो. ज्या सभेचे इतिवृत्त फितूरच लिहितो, त्या सभेत फितूर सापडावयाचा कसा? चौकशी बाहेरूनच व्हावयास हवी.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम इंटरनेट तोडावे. त्याचा धन्याशी असलेला निरोप तुटतो. मग विंडोजमधील डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवावे. त्यात मूळ विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र सफाईची साधने मोफत देते. ती दुसऱ्या निरोगी संगणकावरून आणावीत. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्डही निरोगी यंत्रावरूनच बदलावेत. रोगी यंत्रावर बदललेला पासवर्ड म्हणजे चोराच्या हाती दिलेली नवी किल्ली. पैसे गेले असतील तर विलंब न लावता बँकेस कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

इतके करूनही तो हटला नाही, तर फोटो व कागदपत्रे तेवढी बाहेर काढून तपासावीत, डिस्क पूर्ण पुसावी आणि विंडोज नव्याने घालावी. इथे एक सावधगिरी हवी. पुष्कळदा 'फॉरमॅट मारून दिले' म्हणतात आणि त्याच जुन्या पेन ड्राइव्हमधली चोरीची विंडोज पुन्हा घालतात. रोग्याला न्हाऊ घालून त्याच अंथरुणावर निजविण्यासारखेच हे! शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आहे, हेही ध्यानात असावे.

हे काम शिकलेल्यांचेच, असे मानू नका. पुण्यात कैलास काटकर हे शालेय शिक्षणावर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून 'क्विक हील' उभे राहिले. हातात पाना धरणारा माणूस यंत्राला भीत नाही.

फितूर बळाने आत येत नाही. आपल्या फुकटच्या मोहाने येतो. त्याला हाकलण्याची विद्या आज आपण पाहिली. पण वेशीवर पहारा ठेवणे हे ज्याच्या त्याच्या घरचे काम आहे.