मऊ वस्तूंची राखण
(रेडिओवरील भाषण)

अमेरिकेतील यूटा राज्याच्या मध्यभागी फिशलेक नावाचे जे विस्तीर्ण राष्ट्रीय वन आहे, त्याच्या डोंगररांगांतून, पायूट या तेथील मूळ रहिवाशांचे नाव धारण करणारी एक वाट फिरते. तिचे मुख्य वलय सुमारे 275 मैलांचे. वर्तुळच असल्यामुळे तिला आरंभ नाही आणि शेवटही नाही. मेरीसव्हेलसारख्या एखाद्या लहानशा गावातून तिच्यावर चढावे, टशार पर्वताच्या दहा हजार फुटांहून उंच खांद्यावरून जावे आणि मुक्काम करीत करीत पुन्हा त्याच गावी उतरावे, असा तिचा क्रम आहे. या वाटेवर आम्ही ज्या वाहनाने जातो त्याला तिकडे ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात, कारण चालक आणि त्याचा सोबती त्यात शेजारी-शेजारी बसतात. यामाहा कंपनीच्या ‘ऱ्हायनो’ने 2003 साली आणि पोलारिस कंपनीच्या अवघ्या 50 इंच रुंदीच्या ‘आरझेडआर’ने 2007 साली, तोवर शेतावरची ओझी वाहणारी ही जात डोंगरवाटेवर आणली आणि तेव्हापासून तिचा प्रसार वाढतच गेला.

हे वाहन प्रथमच पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्या पोलादावर खिळते. डोक्यावरचा नळ्यांचा पिंजरा, चाकांना धरून ठेवणारे लांब बाहू, हातभर उंचीचे शॉक-ॲब्सॉर्बर, हे सारे पाहून त्याला वाटते की या यंत्राची ताकद येथेच आहे आणि निगाही याचीच राखावयाची. अनेक वर्षांच्या अनुभवाने माझे मत याच्या उलट झाले आहे. पोलाद क्वचितच दगा देते. दगा देते ते रबर, कागद, कापड आणि ग्रीस. या वाहनातील प्रत्येक कठीण वस्तूच्या रक्षणार्थ एखादी मऊ वस्तू नेमलेली आहे, ती मऊ वस्तू स्वतः झिजून कठिणाला वाचवीत असते, आणि म्हणून वाहनाची निगा म्हणजे मुख्यतः या मऊ वस्तूंची राखण होय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या मऊ वस्तूंत पहिला मान पट्ट्याचा. इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे नेण्यासाठी यांपैकी बहुतेक वाहनांत एक रबरी पट्टा दोन कप्प्यांवरून फिरतो, आणि प्रत्येक कप्पी म्हणजे समोरासमोर बसविलेल्या दोन उतरत्या तबकड्या असतात. इंजिनाचा वेग वाढला की पहिल्या कप्पीतील वजने बाहेर फेकली जातात, तिच्या तबकड्या जवळ येतात, पट्टा त्यांच्या काठाकडे चढतो आणि दुसऱ्या कप्पीत त्याच मानाने आत उतरतो. अशा रीतीने गिअर न बदलताही चाल बदलत जाते. आपल्याकडे ज्यांनी कायनेटिक होंडाची स्कूटर चालविली आहे, त्यांना ही रचना परकी वाटू नये. परंतु स्कूटरला शहराची सडक असते आणि येथे दगडांचा चढ असतो. त्या चढावर वाहन मुंगीच्या पावलाने सरकत असता ‘लो’ गिअर न घालता ‘हाय’मध्येच ते रेटले, तर तबकड्या पट्ट्याला पुरते आवळून धरीत नाहीत, पट्टा घसरतो, घसरल्याने तापतो, तापल्याने त्याची कड काचेसारखी गुळगुळीत होते आणि गुळगुळीत झाल्याने तो अधिकच घसरतो.

एके वर्षी टशारच्या चढावर मी नेमकी हीच चूक केली. जळलेल्या रबराचा वास आला होता. थांबून झाकण उघडण्याऐवजी ‘माथा आता जवळच आहे’ अशी मी मनाची समजूत घातली, आणि माथा येण्यापूर्वीच पट्टा मोठा आवाज करून तुटला. जादा पट्टा घरच्या फळीवर राहिला होता. सोबत्याने दोर बांधून मला खाली आणले, पण त्या दिवशी पाच माणसांचा प्रवास माझ्या एका दुर्लक्षामुळे निष्फळ झाला, याचे शल्य मला आजही आहे. तेव्हापासून जादा पट्टा आणि तो चढविण्याची हत्यारे यांची तजवीज केल्यावाचून मी गाव सोडत नाही. पट्टा तुटलाच, तर नवा घालण्यापूर्वी जुन्याचा धागा न् धागा पट्ट्याच्या पेटीतून वेचून काढावा, कारण कप्पीच्या दांड्याला गुंडाळलेला एखादाच धागा तेथील सीलची हानी करतो. आणि नवा पट्टा पहिले सुमारे 50 मैल हलक्या पायाने वापरून तबकड्यांशी त्याची ओळख पटू द्यावी.

दुसरी वस्तू एअर फिल्टर. यूटाची धूळ पिठासारखी बारीक असते, आणि पुढच्या गाडीमागून तासभर जाणाऱ्या इंजिनाने श्वासावाटे किती माती ओढली असेल याची कल्पना फिल्टर उघडल्यावाचून येत नाही. कागदी फिल्टर दाबाच्या हवेने झोडपू नये. तसे केल्याने त्याला डोळ्यांस न दिसणारी छिद्रे पडतात. तो मळला असेल तर सरळ बदलावा. मग त्याच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. ते पांढरेच बाहेर आले तर बंदोबस्त ठीक आहे. त्यावर तांबूस रेघ उमटली तर कोठे तरी फट आहे असे समजावे, आणि ती सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

तिसरी वस्तू चाकांच्या दांड्यांवरचे रबरी बूट. चाक वर-खाली होत आणि वळत असतानाही त्याला शक्ती पोहोचविणारा जो सांधा असतो, त्यातील ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवण्याचे काम हा घड्यांचा बूट करतो. एखादी काटकी त्याला भोसकते, ग्रीस चाकाच्या आतल्या अंगावर उडते आणि त्याच वाटेने वाळू आत शिरते. त्याच दिवशी पाहिले तर एका बुटाच्या किमतीवर भागते. महिन्याने पाहिले तर आख्खा दांडा बदलावा लागतो. बेअरिंगांची सीले आणि बाहूंच्या मुळाशी असलेली बुशे यांचाही न्याय हाच आहे. चाक जॅकवर उचलावे, वर आणि खाली हात धरून हलवावे. त्यात खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा सांधा आपली तक्रार सांगत आहे असे जाणावे. ग्रीसची टोके जेथे जेथे दिली आहेत तेथे पाण्यातून गेल्यानंतर प्रत्येक वेळी नवे ग्रीस भरावे, म्हणजे जुने ग्रीस शिरलेले पाणी घेऊनच बाहेर पडते.

बाकीचा तपशील थोडक्यात सांगतो. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. रेडिएटरच्या जाळीतला चिखल आतून बाहेरच्या दिशेने मंद धारेने धुवावा. जोराच्या धारेने तिचे पातळ पत्रे वाकतात. चाकांचे नट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, पुस्तिकेत लिहिलेल्या मापाने आवळावेत. एक्झॉस्टभोवती साचलेले वाळके गवत रोज काढावे आणि ठिणग्या अडविणारी जाळी शाबूत ठेवावी, कारण त्या कोरड्या वनात एका ठिणगीचा वणवा होतो. ही तपासणी निघण्याच्या सकाळी घाईने न करता, परतल्याच्या संध्याकाळी, वाहन थंड झाल्यावर करावी; दिवसभराच्या खुणा तेव्हा ताज्या असतात आणि दुरुस्तीला अवधीही हाती असतो. घरी आल्यावर वाहन धुवावेही, कारण चिखलाबरोबर परक्या तणांचे बी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाते आणि तेथे ठाण मांडून बसते.

शेवटी, या वाहनाच्या वाट्याला येणारी सर्वांत मऊ वस्तू वाहनात नाही, ती वाटेच्या कडेला आहे. यूटाच्या वाळवंटी भागात उघड्या मातीवर एक काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. अतिसूक्ष्म जीव, शेवाळे आणि दगडफुले यांनी मिळून विणलेली ती सजीव कातडी वाळूचे कण वाऱ्यापासून धरून ठेवते. चाक एकदा तिच्यावरून गेले की ती भरून येण्यास कित्येक दशके लागतात. सरकारी जमिनीवर अशा वाहनांनी कोठे जावे आणि कोठे जाऊ नये हे ठरवून देण्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या 1972 सालच्या हुकुमाने तेथील खात्यांवर टाकली. पण खात्याचा शिपाई प्रत्येक वळणावर उभा राहू शकत नाही. ज्याला बुटावरची केसाएवढी चीर पाहण्याची सवय लागली, त्याच्या नजरेतून वाटेकडेचा तो पापुद्राही सुटू नये, अशी माझी अपेक्षा आहे. पट्टा बदलून मिळतो, बूट बदलून मिळतो. ती कातडी कोणत्याही दुकानात मिळत नाही, म्हणून आपले चाक वाटेवरच राखावे.