लोकशाही आणि निवाड्याची घाई
(सांगली येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



'लोकशाही धोक्यात आहे' हे वाक्य हल्ली इतक्या मुखांतून ऐकू येते की त्याची धार बोथट झाली आहे. आपला पक्ष हरला की लोकशाही संपते आणि जिंकला की ती पुन्हा अवतरते! म्हणून खरा धोका कसा असतो, हे आपल्या कृष्णाकाठच्या इतिहासातच पाहू.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लादली गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, ४ जुलैला संघावर बंदी आली, 'मिसा'खाली हजारो माणसे चौकशीविना डांबली गेली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्थानबद्धांना दाद नाकारली. याच काळात, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. मंत्र्यांच्या समक्ष दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांनाही अटक झाली. लेखणी बंद, न्यायालयाचे दार बंद आणि बोलणाऱ्याला तुरुंग, ही धोक्याची मोजपट्टी आहे. कोणत्याही सरकारला, आपल्याला प्रिय असलेल्या सरकारलाही, हीच लावली पाहिजे.

आता पुढचा प्रश्न अवघड आहे. १९७७ मध्ये उत्तर प्रदेशातील ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. महाराष्ट्रात मात्र तिला ४८ पैकी २० मिळाल्या. साताऱ्यातून यशवंतराव निवडून आले, सांगलीतून गणपतराव गोटखिंडे, दोघेही काँग्रेसचे. मग येथील मतदाराला हुकूमशाही प्रिय होती काय? ज्या मुलखाने १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालविले, जेथील औंध संस्थानात १९३९ मध्येच गावकऱ्यांच्या हाती राज्यकारभार आला, त्या मुलखावर असा आरोप करणे अन्यायाचे होईल. साखर कारखाना, सोसायटी, शाळा या रूपांनी काँग्रेस येथे घराघरांत पोहोचली होती आणि यशवंतराव तर देवराष्ट्र्याचे, घरचेच. मतदाराने आपल्या परिचयाच्या माणसांना कौल दिला. हे समजून न घेता त्याला दूषणे देणारा भाष्यकार लोकशाहीचा कैवार घेता घेता लोकांचाच अपमान करतो.

हीच घाई आजही दिसते. ४ जून २०२४ रोजी साताऱ्यात भाजपचे उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी झाले. शेजारच्या सांगलीत मात्र अपक्ष विशाल पाटील यांनी भाजपच्या विद्यमान खासदारांना सुमारे एक लाख मतांनी हरविले. लाटेचा एकच सिद्धांत या दोन्ही निकालांना कसा पुरेल?

साताऱ्यात आणखी एक गोष्ट घडली. प्रतिस्पर्ध्याचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', तर एका अपक्षाचे नुसते 'तुतारी'. त्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली, म्हणजे विजयाच्या फरकाहून अधिक. एका बाजूने 'विजय चोरला' अशी ओरड झाली, तर दुसऱ्या बाजूने विषय हसण्यावारी नेला. ती सारी मते चुकूनच पडली असे म्हणता येत नाही आणि कोणाचीच चूक झाली नाही असेही म्हणता येत नाही. चिन्हांत गोंधळ नको, ही मागणी जिंकलेल्यांनीही करायला हवी होती. पुढे नोव्हेंबरात सातारा जिल्ह्यातील आठही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. सांगलीत पाच महायुतीला आणि तीन विरोधकांना मिळाल्या. म्हणजे चिन्हाच्या गोंधळाने सर्व काही उलगडत नाही, तरी तो प्रश्न खोटाही ठरत नाही.

मित्रहो, कार्यकर्त्याला निष्ठा हवीच. परंतु आपले वृत्तपत्र आपल्याला केवळ आवडेल तेच सांगू लागले, तर सावध व्हावे. १९७५ साली सेन्सॉर सरकारने नेमला होता. आज तो आपणच आपल्या मनात नेमू नये, एवढीच विनंती.