भूगोलाचा शिक्षक एकटा पडू नये



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घेताना भाषेच्या आणि गणिताच्या शिक्षकांच्या आठवणी आधी निघतात. भूगोलाच्या शिक्षकाची आठवण बहुधा एका गुंडाळलेल्या नकाशासह येते. वर्गात शिरताना काखेत नकाशा, फळ्यावरच्या खिळ्याला तो अडकवणे, आणि पट्टीच्या टोकाने नद्या, पर्वत, बंदरे दाखवणे! त्या नद्यांची नावे विद्यार्थ्यांनी मुखोद्गत केली. परंतु आपल्या घरच्या नळाला पाणी कोठून येते, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात आला. हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे आणि एकट्या शिक्षकाचाही नव्हे. तो एकटेपणाचा दोष आहे.

ही सभा चामराजपेटेत भरली आहे. जुन्या पेठेबाहेर आखून वसवलेली ही वस्ती १८९२ सालची. या वस्तीच्या आसपासच भूगोलाचे किती धडे पसरले आहेत! बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या कण्यावर वसले आहे. पश्चिम उतारावर पडलेला पाऊस वृषभावती आणि अर्कावती यांच्या वाटेने कावेरीला मिळतो. पूर्व उतारावरचा दक्षिण पिनाकिनीकडे जातो. एकाच सरीचे पाणी दोन नद्यांत वाटले जाते. शहर कण्यावर असल्यामुळेच त्याला मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी तलाव बांधले, आणि आज कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणून जवळजवळ ५०० मीटर वर चढवावे लागते. नळाची तोटी उघडी ठेवणाऱ्या मुलाला हा चढ एकदा समजला, तर पाणी जपण्याचा वेगळा उपदेश करावा लागत नाही.

येथून दक्षिणेला, पायी जाण्याइतक्या अंतरावर, गविपुरचे गवी गंगाधरेश्वराचे लेणे आहे. मकरसंक्रांतीच्या सायंकाळी मावळत्या सूर्याचे किरण नंदीच्या दोन शिंगांमधून आत जाऊन शिवलिंगावर पडतात. हजारो लोक दर्शनाला येतात. हाच योग नोव्हेंबरच्या अखेरीसही येतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. दक्षिणेकडे सरकताना आणि तेथून परतताना सूर्य क्षितिजावरील एकाच जागी दोनदा मावळतो, एवढे साधे त्याचे कारण. पृथ्वीच्या कललेल्या अक्षाचा धडा याहून सुंदर रीतीने कोणत्या पुस्तकात सापडेल?

प्रश्न असा की, हा धडा तयार कोणी करावयाचा? महाराष्ट्रात इयत्ता तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे पुस्तक काढण्याची उत्तम प्रथा पडली, ती मुलाने आपल्या गावापासून जग शिकावे म्हणून. बेंगळूरु हा महाराष्ट्राचा जिल्हा नव्हे. येथल्या मराठी मुलासाठी ते पान शिक्षकानेच लिहावयाचे आहे. तशात कर्नाटकाच्या शालान्त परीक्षेत भूगोल हा समाजविज्ञानातील अनेक भागांपैकी एक, तर महाराष्ट्रात दहावीचा भूगोलाचा लेखी पेपर ४० गुणांचा. त्यामुळे इतिहास किंवा भाषा घेऊन पदवीधर झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला पुष्कळदा भूगोल येतो. त्याची निष्ठा कमी नसते. त्याला विचारावयास जवळ कोणी नसते.

या उणिवेवरचा उपाय शिक्षकांनीच शोधलेला आहे. १८९३ साली ऑक्सफर्ड येथे काही शाळामास्तर एकत्र आले, ते एका अगदी व्यावहारिक अडचणीपायी. जादूच्या कंदिलाच्या काचचित्रांनी भूगोल शिकवता येतो हे त्यांना पटले होते. परंतु सगळी चित्रे एकेका शाळेला परवडणारी नव्हती. ती आपसांत फिरवावी, या विचारातून इंग्लंडची जिऑग्राफिकल असोसिएशन उभी राहिली. १९०१ पासून तिने शिक्षकांसाठी नियतकालिकही चालवले. दक्षिण भारतात १९२६ साली मद्रास जिऑग्राफिकल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या मुळाशी सैदापेठच्या शिक्षक महाविद्यालयातील एन. सुब्रह्मण्यम यांची खटपट होती. तीच संस्था पुढे इंडियन जिऑग्राफिकल सोसायटी या नावाने देशभर ओळखली गेली. विद्वत्तेची एवढी मोठी संस्था अध्यापकांच्या गरजेतून जन्मली, हे विसरता कामा नये.

मराठी भूगोलपरंपरेलाही कन्नड मुलूख परका नाही. प्रा. चं. धुं. देशपांडे यांचा पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरील इंग्रजी ग्रंथ १९४८ साली धारवाडहून प्रसिद्ध झाला. त्यांचा जन्मदिवस, १४ जानेवारी, महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत भूगोल दिन म्हणून पाळला जातो. गविपुरच्या लेण्यात सूर्यकिरण शिरतात ते याच सुमारास. हा योगायोग खरा. पण चांगला शिक्षक अशा योगायोगाचा पाठ बनवतो.

संघटना म्हणजे केवळ वार्षिक अधिवेशन, हार-तुरे आणि ठराव नव्हेत. एका शिक्षकाने आखलेली क्षेत्रभेट दुसऱ्या गावच्या शिक्षकाने आपल्या ओढ्याला, आपल्या टेकडीला लावून पाहणे, हे तिचे खरे काम. नकाशावाचन कसे शिकवावे, पर्जन्यमापक शाळेच्या आवारात कोठे ठेवावा, उपग्रहचित्रातून तलावाचा आक्रसलेला काठ कसा दाखवावा, या गोष्टी परिपत्रकातून येत नाहीत. त्या समव्यावसायिकांच्या बैठकीत उमगतात. आणि अभ्यासक्रमातून विषयाच्या तासिका कमी होऊ लागल्या, तर एकट्या शिक्षकाचा अर्ज दप्तरी दाखल होतो. संघटनेचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

यात माजी विद्यार्थ्यांचा आणि पालकांचा वाटा कोणता? हीरकमहोत्सवात इमारतीसाठी, कमानीसाठी देणग्या जमतात. त्या अवश्य जमाव्यात. त्याच निधीतून भूगोलाच्या शिक्षकाची संघटनेची वर्गणी आणि वर्षातून एका परिषदेचा प्रवासखर्च काढून ठेवला, तर रक्कम नगण्य ठरेल, फळ मात्र दरवर्षी मिळेल. शिक्षक परिषदेला गेला म्हणून त्या दिवशी तास बुडाला, अशी तक्रार पालकांनी करू नये. तो परतल्यावर काय नवे घेऊन आला, हे कौतुकाने विचारावे. जलविभागात, भूमापनात, हवामानखात्यात किंवा नगररचनेत कार्यरत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातला एक दिवस शाळेला द्यावा. मुलांना उताराच्या दोन्ही बाजूंना नेऊन पाणी कोणीकडे वाहते, ते दाखवावे.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी शाळा काढली, त्यांना परमुलखात आपली भाषा टिकवावयाची होती. भाषा टिकते ती तिच्यातून पायाखालच्या जमिनीविषयी बोलता येते तोवर. चामराजपेटेतील मुलाला वृषभावतीची वाट, तलावाचा बांध आणि संक्रांतीचा सूर्य मराठीत समजावून सांगता आला, तर संस्थापकांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल. ते समजावणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी त्याचे व्यवसायबंधू आणि हा समाज उभा असावा, एवढीच या प्रसंगी विनंती.